कोतवाल अण्णांची हाक

मंदिराच्या भोंग्यावरून भरदुपारी पुकारा झाला, की किसन धोंडिबा यांचं दुःखद निधन झालं आहे, अंत्यविधी चार वाजता. मी चौथीच्या वर्गात सातचा पाढा घेत होते. मुलांनी विचारलं, "बाई, कोण वारलं?" मी म्हटलं, "माहीत नाही. सात सक्कं?" पाढा संपला, खिचडी वाढून झाली, ताटल्या नळावर गेल्या, आणि मग खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदर तोंडाला लावून दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मला कळलं की किसन धोंडिबा म्हणजे आमचे कोतवाल अण्णा. ज्या माणसानं आयुष्यभर दवंडी देऊन गावाला बातम्या सांगितल्या, त्याची स्वतःची बातमी अर्ध्या गावाला कळली नाही, कारण त्याचं खरं नाव कुणाच्या कानावरूनच गेलेलं नव्हतं. अण्णांना हे कुणी सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते. मला मात्र स्वतःचा राग आला. ते गेले होते, आणि मी बेचाळीस, बेचाळीस म्हणत फळ्यासमोर उभी होते.

याला आता दीड महिना झाला. अण्णांबद्दल लिहा असं मला दोन-तीन जणांनी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी सबब सांगून टाळलं. अण्णांबद्दल लिहायचं म्हणजे ते लोकांना जी गावफेरी घडवून आणायचे तिच्याबद्दल लिहायला हवं, आणि त्या फेरीत मी होते. म्हणजे चालणाऱ्यांत नव्हते, दाखवण्यासारख्या गोष्टींत होते. जवळजवळ तीस वर्षं लोक एका पडक्या भिंतीपाशी थांबून माझी गोष्ट ऐकत आले, आणि मी त्या गोष्टीत अडकून पडले होते, हे आधी सांगून टाकलेलं बरं.

आमचं गाव उमरग्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही. ते भूकंपातल्या गावांच्या यादीत आहे आणि लोकांना त्या यादीमुळेच माहीत आहे, ही गोष्ट मला अजून आवडत नाही. जुनं गाव ओढ्याच्या अंगाला होतं, दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचं छत, माळवद. अण्णा त्या गावचे कोतवाल. तलाठ्याच्या नोटिसा वाटायच्या, मोजणीच्या वेळी बांधावर उभं राहायचं, आणि दवंडी द्यायची. आवाज असा, की वेशीत उभे राहून बोलले तर ओढ्यापलीकडच्या रानात माणूस मान वर करायचा. आमच्या आणि त्यांच्या घराच्या मधली भिंत एकच होती. माझे वडील शिंपी. त्यांच्या मशीनची खडखड पलीकडे ऐकू जायची आणि पलीकडून अण्णांचं खोकणं आमच्याकडे. त्या भिंतीत एक कोनाडा आरपार होता, त्यातून विस्तव, मीठ, चहापत्ती अशी देवघेव चाले. आणि दोन्ही घरांत एकेक नंदा होती. अण्णांची नंदा माझ्याहून दीड वर्षानं मोठी. तिला वरची नंदा म्हणायचे, मला खालची, कारण आमचा उंबरा त्यांच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली होता. पण हाक मारताना एवढं कोण बोलतं… हाक नुसती "नंदे!" अशी यायची आणि आम्ही दोघीही "ओ" द्यायचो. मग काकू, म्हणजे अण्णांची बायको, ओरडायच्या, "तू न्हाई गं, आमची!" दिवसातून चार वेळा तरी हा प्रकार व्हायचा आणि चारही वेळा आम्ही हसायचो.

भूकंपाची रात्र मी सांगणार नाही. मला ती नीट आठवतही नाही. आठवतं ते उजाडल्यानंतरचं. मी नऊ वर्षांची होते. दाराची चौकट आडवी पडून माझ्या अंगावर तिरकी अडकली होती, म्हणून मी वाचले, असं मला नंतर सांगण्यात आलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की डावा पाय माझा राहिलेला नाही, तोंडात माळवदाची माती आहे आणि डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. आईला हाक मारून मारून थांबले होते. माझी आई, वडील आणि धाकटा भाऊ त्याच ढिगाऱ्यात होते… कुणी बोलत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग वरून, फार लांबून, ओळखीचा आवाज आला. "नंदे! ए नंदे!" आणि मी "ओ" दिली. पुन्हा हाक आली, पुन्हा मी ओ दिली. मग वर दगड सरकू लागले. अण्णा आणि आणखी दोघं जण हातांनी माती उपसत होते. दुपारच्या सुमाराला माझ्या तोंडावर उजेड आला आणि उजेडात अण्णांचा चेहरा आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू व्हय?"

एवढेच शब्द होते. त्यांनी मला अलगद उचललं, कुणाच्या तरी हातात दिलं, आणि वळून भिंतीच्या दुसऱ्या अंगाला उकरायला लागले. वरची नंदा त्यांना तिसऱ्या प्रहरी सापडली. ती ओ देऊ शकली असती का, किती वेळपर्यंत देऊ शकली असती, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

मामानं मला उमरग्याला नेलं, वाढवलं, शिकवलं, डी.एड. केलं. पाय बरा झाला, थोडा लचकतो. पण त्या दिवसापासून मी कुणाच्या हाकेला ओ दिली नाही. मामी हाक मारायची, मी उठून समोर जाऊन उभी राहायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. मामी चिडून म्हणायची, "तोंड शिवलंय काय गं?" शाळेत हजेरीला "हजर" म्हणायचं असतं, म्हणून निभावलं. लग्न झालं, नवऱ्याला वाटलं मला कमी ऐकू येतं, त्यानं कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहेत. मी काय सांगणार, की एकदा मी ओ दिली होती आणि ती दुसऱ्या कुणाची होती म्हणून?

आणि मग नोकरीत दहा वर्षं झाल्यावर बदलीची यादी आली आणि तीत माझं गाव आलं. मी ते मागितलं नव्हतं, उलट नको म्हणून अर्ज केला होता. पण यादीला कोण काय बोलणार… आमचं नवं गाव जुन्यापासून दीड-दोन कोसांवर, माळावर वसवलेलं आहे. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं. त्यात एक घर माझ्या नावावर होतं, घरातलं एकटं उरलेलं माणूस म्हणून मला मिळालेलं. मामानं इतकी वर्षं ते कुलूपबंद ठेवलं होतं. आठवडाभर त्या घरात राहायचं आणि शनिवारी दुपारी उमरग्याला नवऱ्या-मुलाकडे जायचं, रविवारी सकाळी परत यायचं, असं माझं सुरू झालं. त्या घराला मी कधी आतून कडी लावलेली नाही. मला बंद दाराआड झोप येत नाही.

पहिल्याच महिन्यात अण्णांनी मला दाखवलं. दाखवलं हाच शब्द बरोबर आहे. वर्गाच्या खिडकीशी पंधरा-वीस अनोळखी माणसं येऊन उभी राहिली, त्यांच्या पुढं अण्णा, हातात काठी, डोक्याला टापर बांधलेलं. ते म्हणाले, "ह्या त्या बाई. ढिगाऱ्यातनं काढल्याल्या." माणसं माझ्याकडे अशी बघत होती, की हसावं की हात जोडावेत त्यांना कळेना. एकीनं फोटो काढला. मागून माझी चौथीची मुलं आळीपाळीनं माझ्याकडे आणि खिडकीकडे बघत होती. मी खिडकी लावून घेतली. संध्याकाळी अण्णांच्या घरी गेले आणि मनात येईल ते बोलले. "अण्णा, मी काय वेशीवरची पाटी आहे का, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायला? माझं घर, माझी माणसं, माझा पाय, सगळं तुमच्या फेरीत. मला विचारलं होतं का तुम्ही?" अण्णा खाली मान घालून ऐकत राहिले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी मान वळवली. शेवटी अण्णा म्हणाले, "चुकलं, बाई. पुन्यांदा न्हाई आनायचो." ते मला बाई म्हणाले, तुम्ही म्हणून बोलले. लहानपणी ज्यांनी मला नंदे म्हणून रोज हाक मारली, त्यांनी परत आल्यावर एकदाही नावानं हाक मारली नाही. काकूंनी तर नाहीच. त्या घरात ते नाव निघतच नव्हतं.

त्यांनी शब्द पाळला, पुन्हा कुणाला शाळेत आणलं नाही. पण फेरी काही थांबली नाही. भूकंपानंतर बाहेरची माणसं पाहायला यायची, कोणी अधिकारी, कोणी इंजिनिअर, कोणी विद्यार्थी, तेव्हा तलाठ्यानं अण्णांना सांगितलेलं, यांना गाव दाखवून आण. अण्णा सांगायचे, "पडकं दाखवायचं तर कोन बी दाखवंल. मी म्हनलं, मी गाव दाखवीन." आणि ते खरंच गाव दाखवायचे. जिथं आता वेडी बाभूळ माजली आहे तिथं चावडी उभी करायचे, कोण कुठल्या पायरीवर बसायचं आणि कुणाला पायरीच चढू देत नसत, तेही सांगायचे. मोठ्या वाड्यासमोरून काही घरच्या माणसांना चपला हातात घेऊन जावं लागे. त्या जागी आले की अण्णा सगळ्यांना चपला काढायला लावायचे आणि बाभळीच्या काट्यांतून दहा पावलं अनवाणी चालवायचे. एकदा एका साहेबांनी बूट काढायला नकार दिला, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. तुमी वाड्यातले." विहिरीपाशी ते बायकांना घागर जमिनीवर ठेवून थांबायला सांगायचे, वरून कुणीतरी पाणी घालीपर्यंत, पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुणी कंटाळून विचारलं, किती वेळ? तर म्हणायचे, "वरच्याच्या मनात येस्तोर." बांगडीवाल्या मदारभाईंचा ओटा दाखवायचे. मदारभाईंना गावातल्या यच्चयावत बायकांच्या मनगटाची मापं तोंडपाठ होती, आणि भूकंपानंतर कुणाला ओळखता येईना तेव्हा त्या मापांवरूनच त्यांनी काही जणींना ओळखलं. हे सांगताना अण्णा आवाज चढवायचे नाहीत की उतरवायचे नाहीत. नव्या गावाबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, की घरं भूकंपानं पाडली पण शेजार यादीनं मोडला. जमिनीप्रमाणे लहानमोठी घरं वाटली, आणि एका भिंतीचे शेजारी गावाच्या दोन टोकांना गेले. आमचंही तेच झालं होतं.

हे सगळं मला ठाऊक आहे ते अण्णांच्या तोंडून, फेरीला जाऊन नव्हे. मी जुन्या गावात परत पाऊल ठेवलेलं नव्हतं. पण भांडणानंतर वर्षभरानं एका रविवारी अण्णा माझ्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, मला लिवता येत न्हाई नीट. गाव कागदावर काढून द्याल का? मी हाय तंवर गाव हाय. मागनं कोन सांगनार?" मला नाही म्हणता आलं नाही. शाळेतले जुने तक्ते उलटे करून जोडले आणि आम्ही नकाशा काढायला बसलो. ते डोळे मिटून सांगायचे, मी काढायची. डोळे मिटून ते मनातल्या मनात चालत असायचे. एखाद्या ठिकाणी मान एकदम खाली घालायचे, मग मला कळायचं की इथं घराची चौकट ठेंगणी होती. चार वर्षं आम्ही ते काम केलं असेल, रविवारी दोन तास, मध्ये चहा. त्या दोन तासांत मी कधीकधी आपली भिंत, आपलं भांडण, सगळं विसरायची. अण्णा फार मिश्किल बोलायचे. गावातल्या कुणाची म्हैस कुणाच्या कडब्यात शिरली म्हणून कोण कुणाशी अकरा वर्षं बोललं नव्हतं, हेही त्यांनी नकाशात लिहायला लावलं. "अबोला बी गावातच व्हता की, बाई. लिवा." पण आमच्या आळीपाशी आलो की ते डोळे उघडायचे. आमची दोन घरं, मधली भिंत. मी पेन्सिल धरून वाट बघायची. ते म्हणायचे, "ते ऱ्हाऊ द्या. मागनं बघू." मागनं बघू हे त्यांचं पालुपदच होतं, नळाला पाणी येत नाही, मागनं बघू, गुडघा दुखतोय, मागनं बघू. मीही जोर केला नाही. नकाशा पुरा झाला तेव्हा सगळ्या गावाची घरं नावानिशी होती आणि आमच्या आळीत एकाला एक लागून दोन चौकोन कोरे होते.

त्या दोन चौकोनांकडे बघून मला वाटायचं, यांनी मला माफ केलेलं नाही. का करावं? मी गप्प बसले असते तर त्यांनी भिंतीच्या दुसऱ्या अंगाला आधी उकरलं असतं. ते माझ्याशी इतके चांगले वागत होते तेच मला टोचायचं. त्यांनी एकदा तरी म्हणावं, की तू कशाला ओ दिलीस, म्हणजे मी रडून मोकळी तरी होईन, असं वाटायचं. ते म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही. दोघं नकाशावर वाकून बसायचो आणि मध्ये ती भिंत तशीच उभी असायची.

आमची शेवटची भेट ते जायच्या आठ-दहा दिवस आधीची. त्यांना दम लागायला लागला होता, फेरी निम्म्यात थांबवावी लागे. ते शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येऊन उभे होते. म्हणाले, "धाराशिवच्या कॉलेजातली पोरं येनार हायेत. माज्यानं चालवत न्हाई. तुमी चला संगं. मी बसून ऱ्हातो भिताडापाशी, तुमी सांगा."

मी म्हटलं, "अण्णा, मला तिथं नेऊ नका."

"एकडाव चला. तितलं तुमी कंदी ऐकलं न्हाई."

"मला माहीत आहे तिथलं. तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे." हे मी फार कडू बोलले. मुलं फाटकातून पळत होती, त्यांच्या गलक्यात अण्णांनी काठीवर भार दिला. मग म्हणाले, "बरं. मागनं बघू." आणि गेले. त्यांना मी नाही म्हणू शकले, याचा त्या संध्याकाळी मला अभिमानसुद्धा वाटला होता, हे लिहिताना लाज वाटते.

अण्णांचं तेरावं झालं आणि त्यानंतरच्या रविवारी कॉलेजची गाडी येऊन चौकात उभी राहिली. अण्णांनी दिलेली तारीख कुणी रद्दच केली नव्हती. पन्नाशीच्या एक प्राध्यापिका उतरल्या, चौकशी करत माझ्या दारी आल्या. अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा त्या तिथंच ओट्यावर बसल्या. त्या दरवर्षी मुलांना घेऊन येत होत्या. मी त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "परत जाऊ का आम्ही?" मी हो म्हणणार होते. तेवढ्यात अण्णांचा पुतण्या नकाशाची गुंडाळी आणि अण्णांची काठी घेऊन आला. "काकूनं दिलंय. म्हनली, बाईला दे." कोणी कुणाला काय सांगून ठेवलं होतं मला माहीत नाही. मी काठी हातात घेतली आणि निघाले.

वेशीपर्यंत मी ठीक होते. तक्त्यावर काढलेलं गाव पायांखाली येत होतं. चपला काढायच्या जागी मी काढायला लावल्या, विहिरीपाशी थांबवलं, मदारभाईंचा ओटा दाखवला. मी शिकवल्यासारखी घडाघडा बोलत होते, अण्णांसारखं मला कुठलं जमायला. आमच्या आळीत वळलो तेव्हा मात्र मी काठी दोन्ही हातांनी धरली. मातीचा वास तोच होता. भिंत कंबरेएवढी उरली आहे, दोन्ही अंगाला ढिगारे, त्यांवर गवत. मला वाटत होतं की मी आता आत जाईन आणि बाहेर येणार नाही. मी म्हटलं, "हे कोतवालांचं घर, हे शिंप्याचं. चला पुढं."

प्राध्यापिका म्हणाल्या, "थांबा ना. अण्णांचा हाकेचा खेळ राहिला."

"कसला खेळ?"

त्यांना आश्चर्य वाटलं. "तुम्हाला माहीत नाही? दरवर्षी करून घ्यायचे." आणि त्यांनी मुलांना विचारलं, "तुमच्यात एका नावाची दोघं आहेत का?" हसत हसत दोन पूजा पुढं आल्या. कुठल्याही वर्गात दोन पूजा असतातच. एकीला त्यांनी भिंतीच्या या अंगाला ढिगाऱ्याआड बसवलं, दुसरीला त्या अंगाला. बाकीच्यांना जवळच्या कडुलिंबाखाली पाठमोरं उभं केलं. दोघींपैकी एकीनंच उत्तर द्यायचं असं ठरवून दिलं आणि मोठ्यानं हाक मारली, "पूजा!" ढिगाऱ्यातून बारीक आवाज आला, "ओ…" त्यांनी विचारलं, कुठली? निम्मी मुलं म्हणाली अलीकडची, निम्मी म्हणाली पलीकडची. पुन्हा हाक, पुन्हा ओ, पुन्हा वाद. पडक्या भिंतीला आपटून आवाज फिरत होता. मी स्वतः ऐकत होते आणि मला सांगता आलं नाही.

मुलं खेळात रमली होती. प्राध्यापिका माझ्याजवळ आल्या. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना मी फक्त शाळेतली बाई होते. त्या म्हणाल्या, "यानंतर कुणीतरी विचारायचंच, की अण्णा, चुकीच्या माणसाकडे गेलो तर? तेव्हा ते सांगायचे. दरवर्षी त्याच शब्दांत सांगायचे, म्हणून पाठ झालंय मला. 'ओ आली की जायाचं असतंय. कुनाची हाय ते मागनं बघायचं. पर मागनं बघताना तोंडातनं काय निगतंय ते बी बघाया पायजे हुतं. लेकरू मातीतनं वर आलं आन मी म्हनलं, तू व्हय? एवढंच म्हनलं. कशी हायेस म्हनलं न्हाई, भिऊ नकोस म्हनलं न्हाई. त्या पोरीची काय चूक हुती? तिला हाक आली, तिनं ओ दिली.' मग मुलांकडं बघून म्हणायचे, 'ती पोरगी अजून ओ देत न्हाई कुनाला. माज्यामुळं.'"

मी अण्णांच्या भिंतीवर बसले. तीस वर्षं मला वाटत होतं, ते दोन शब्द फक्त मला माहीत आहेत. अण्णा ते येणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगत होते. परक्यांना, पोरांना, साहेबांना, ज्यांना पुन्हा कधी भेटायचं नव्हतं अशा सगळ्यांना त्यांनी सांगितलं, आणि मला सांगायला शाळेच्या फाटकाशी आले तेव्हा मी म्हटलं, मला माहीत आहे. मी ओ देत नाही हे त्यांनी कधी हेरलं होतं? नवऱ्यानं मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, आणि या माणसानं काही न विचारता ओळखलं… चार वर्षं रविवारी समोर बसून आम्ही म्हशींची भांडणं लिहीत राहिलो. मी त्यांच्यावर फार चिडले त्या वेळी, सांगायला हवं होतं ना, तोंड नव्हतं का तुम्हाला, दवंडी द्यायला होतं की! आणि मग स्वतःवर चिडले, आणि मग नुसती रडले. दोन्ही पूजा ढिगाऱ्यामागून उठून आल्या, अंगावरचं गवत झटकत.

गाडी गेल्यावर मी काठी आणि नकाशा द्यायला अण्णांच्या घरी गेले. ऊन कलत होतं. दार सताड उघडं होतं. त्या घरालाही कधी आतून कडी नसते, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. खुंटीला अण्णांचं टापर होतं, त्याखाली काठी ठेवायची जागा भिंतीवर घासून गुळगुळीत झालेली. काठी तिथं टेकवली. काकू आतल्या खोलीत पडल्या होत्या, त्यांना आता दोन्ही डोळ्यांनी अंधुकच दिसतं. मी त्यांना आवाज दिला नाही. बाहेरच्या खोलीत नकाशा पसरला, आमची आळी समोर घेतली आणि पेन्सिल काढली. दोन कोरे चौकोन, मध्ये एक रेघ. दोन्हींत माणसांची नावं लिहायची होती, आणि दोन्हींत एक नाव तेच होतं. आधी वरच्या घरातलं लिहावं म्हणून मी पेन्सिल टेकवली. माझी पावलं काकूंनी ऐकली असावीत. एक पाय लचकत पडणारी ती पावलं, तीही त्यांना ओळखू येत असतील, नसतील. किंवा त्या अर्धवट झोपेत असतील. आतून हाक आली.

"नंदे… ए नंदे…"

त्या घरात ते नाव तीस वर्षांत मी ऐकलं नव्हतं. त्यांनी कुठल्या नंदेला हाक मारली मला माहीत नाही. पेन्सिल तिथंच ठेवली.

"ओ," मी म्हटलं, आणि आत गेले.